‘आफ्रिका’ लिहिलेली ट्रंक

गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पायाशी एक नवीकोरी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं होती : ‘वसंत मिस्त्री, आफ्रिका’. रंग अजून वाळला नव्हता. लेंग्याला लागू नये म्हणून मी स्टेजवर पाय आखडून बसलो होतो. समोर अख्खं पिंपळगाव राजा दसऱ्याच्या नव्या कपड्यांत बसलं होतं. सरपंच तात्या माइकवर सांगत होते की आपल्या गावातला पहिला माणूस आज समुद्रापार चालला आहे. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मी जायचं की नाही हे अजून ठरवलंच नव्हतं.

हे असं कसं झालं ते सांगतो. त्याआधी माझं काम काय होतं ते सांगावं लागेल, नाही तर पुढचं कळायचं नाही.

मी खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत हेड फिटर होतो. शेतकरी गाडीत भरून आणतो तो कापूस. त्यात बी असतं, ती सरकी. सरकी वेगळी काढली की उरते ती रुई. हे वेगळं करण्याचं यंत्र म्हणजे जिन. आमच्याकडे रोलर जिन होते. लाकडी लाटेवर, म्हणजे रोलरवर, चामडं चढवलेलं असतं. त्या खरखरीत चामड्याला कापसाचे तंतू चिकटतात आणि ओढले जातात. समोर एक पक्की सुरी असते, तिथे सरकी अडते. दुसरी सुरी खालीवर हलत असते, ती सरकीला टोला मारून खाली पाडते. फिटरचं सगळं कसब या दोन सुऱ्यांमधल्या अंतरात. अंतर कमी झालं की सरकी फुटते आणि रुईत तिची कणी जाते. जास्त झालं की सरकीला रुई तशीच राहते. पहिल्यात व्यापारी ओरडतो, दुसऱ्यात शेठजी.

हे अंतर आम्ही पट्टीने लावायचो. पट्टी बाजारात मिळत नसे. प्रत्येक हेड फिटर आपली पट्टी स्वतः घासून तयार करी. माझी पट्टी जुन्या हॅकसॉ ब्लेडची होती. ती माझ्या उस्तादाने दिलेली, आणि तो गेल्यावर मी ती आणखी थोडी घासून माझ्या हाताची करून घेतली होती. आमच्यात रीत अशी की हेड फिटर फॅक्टरी सोडतो तेव्हा पट्टी दुसऱ्या फिटरच्या हातात देतो. तीच त्याची बढतीची ऑर्डर.

आमचं काम सीझनचं. दिवाळीला जिन सुरू होणार, उन्हाळ्यात कापूस संपला की बंद. बंदच्या महिन्यांत ओव्हरहॉलिंग चाले. लाटांवर नवं चामडं चढवायचं, सुऱ्यांना धार लावायची, बेअरिंगं बदलायची. त्या महिन्यांत पगार अर्धा.

अशाच ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत मोहनभाई आले. मूळचे कच्छचे. आफ्रिकेत म्वांझा नावाच्या गावाजवळ त्यांची जिनिंग होती. टांगानिकाचं नाव तेव्हा नुकतंच टांझानिया झालं होतं. शेठजींशी त्यांची जुनी ओळख. दोन दिवस ते खुर्ची टाकून माझ्यामागे बसले. मी पट्टी लावतो, सुरी ठोकतो, लाट हाताने फिरवून कान लावतो, हे सगळं त्यांनी न बोलता पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा मागवला आणि सरळ विचारलं, येतोस का?

तीन वर्षांचा करार. बारा महिने पूर्ण पगार. राहायला क्वार्टर. पहिलं वर्ष एकट्याने काढायचं, पुढे कुटुंब आणता येईल. त्यांचा सीझन आपल्या उलट वेळेला, म्हणून पासपोर्ट, लस, बोट हे सगळं उरकून मी पोचेन तेव्हा तिकडे ओव्हरहॉलिंग सुरू होणार होतं. पासपोर्ट मात्र पेढीच्या तिजोरीत राहील, असं ते सहज म्हणाले. मध्येच परत यावंसं वाटलं तर काय, असं मी विचारलं.

‘‘बीच में कोई आता नहीं,’’ मोहनभाई हसून म्हणाले. ‘‘बीच में समंदर है ना.’’

ते हसले म्हणून मीही हसलो. पण ते वाक्य दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मोहनभाई दिवाळीसाठी कच्छला जाणार होते. येताना पाडव्याला खामगावात थांबून माझं उत्तर घेऊन जाणार होते. म्हणजे विचाराला भरपूर वेळ होता. मी तो नीट वापरला असता तर बरं झालं असतं. पण मला घाई झाली होती, आणि घाईत मी नको त्या माणसाला विचारलं. खामगावच्या एस. टी. स्टँडवर आमच्या गावचे गुरुजी भेटले. मी फक्त एवढंच विचारलं की गुरुजी, मुंबईहून आफ्रिकेला बोटीने किती दिवस लागतात? गुरुजींनी काऊन म्हणून विचारलं आणि मी सांगून बसलो.

गुरुजींची गाडी संध्याकाळी पिंपळगावला पोचली. रात्रीच्या जेवणाआधी गावाला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी सरपंच तात्यांनी निरोप पाठवला, दसऱ्याला सोनं वाटायला गाव जमतंच, तेव्हाच सत्कार उरकून टाकू. मी धावत गेलो. तात्यांना म्हटलं, अजून काही पक्कं नाही.

‘‘पक्कं व्हायला कितीसा वेळ लागते बे?’’ तात्या म्हणाले. ‘‘सत्कार झाला का आपोआप पक्कं होते.’’

त्यांचं चुकत होतं असं नाही. आमच्याकडे सत्कार हा असाच होतो. मुलगा मॅट्रिकला बसला की शाल आणून ठेवतात. माझ्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. तात्यांनी ट्रंक आणायला लावली, आणि पेंटरला बोलावून तिच्यावर नाव घालून घेतलं. नाव घातलेली ट्रंक परत करता येत नाही.

असा मी स्टेजवर बसलो होतो. भाषण करायला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडातून ‘आपल्या सगळ्यांचा आभारी आहे’ एवढंच निघालं. लोकांना वाटलं गाव सुटतंय म्हणून गळा दाटला. आपट्याची पानं देताना म्हाताऱ्या बाया माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या.

दसऱ्यानंतर फॅक्टरीत गेलो तर शेठजींनी ऑफिसात बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती. ते रागावले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

‘‘पाडव्याचा नारळ कोन फोडनार, तेवढं सांग,’’ ते म्हणाले. ‘‘माझं बाकी काई म्हननं नाई.’’

हा नारळ म्हणजे काय ते सांगतो. पाडव्याला सीझनचा मुहूर्त असतो. पहिली कापसाची गाडी फाटकातून आत येते, बैलांना ओवाळतात, आणि हेड फिटर पहिल्या जिनसमोर नारळ फोडून, पट्टा चढवून जिन सुरू करतो. ज्याने नारळ फोडला त्याने सीझन संपून शेवटचा जिन थांबेपर्यंत फॅक्टरी सोडायची नाही. कुठे लिहिलेलं नाही, सही नाही, पण खामगावातल्या कुठल्याही जिनात हे मोडलेलं मी पाहिलं नाही. मोडणाऱ्याला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. नारळ मी फोडला तर मोहनभाईंची नोकरी गेली. माझ्या हाताखालच्या कादरने फोडला तर माझी इथली गेली. दोन्ही हातांत ठेवायची सोय नव्हती.

मी म्हटलं, पाडव्याच्या आत सांगतो.

शेठजी म्हणाले, ‘‘मग तोपर्यंत कादरले तयार राहायले सांगतो.’’

कादर म्हणजे दुसरा फिटर. माझ्यापेक्षा थोडा लहान. कामाला चोख, स्वभावाने मोकळा, आणि इतकी वर्षं माझ्या हाताखाली एकदाही तोंड वाकडं न केलेला. मी असेपर्यंत तो दुसराच राहणार हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आता त्याची पाळी आली होती. त्याच्या घरी सगळ्यांना कळलं होतं. त्याच्या सासऱ्याने पाडव्यासाठी त्याला नवा शर्ट शिवला होता. तो रोज सकाळी यायचा आणि एकच विचारायचा, ‘‘वसंतभाई, पक्का है ना?’’ मी मान हलवायचो. होकाराची की नकाराची ते मलाच कळत नसे.

ते दिवस फार वाईट गेले. जिकडे जावं तिकडे माणसं मला पोचवायला निघाल्यासारखी बोलत. बाजारात भाजीवाली म्हणे, आता तिकडं आपली मेथी कुठं मिळते. न्हावी म्हणे, तिकडं केस कोण कापतं कोण जाणे, थोडे बारीकच करतो. मी ज्याला ज्याला विचारलं त्याने जा म्हणून सांगितलं. भावाने सांगितलं, गुरुजींनी सांगितलं, पोस्टमास्तरांनी सांगितलं. कोणी जा म्हटलं की मला बरं वाटायला हवं होतं. उलट प्रत्येक वेळी मी आणखी एका माणसाला विचारायला निघायचो. का ते तेव्हा मला उमजत नव्हतं.

मोह नव्हता असं नाही. कोणीतरी समुद्रापलीकडून येऊन माझ्या हाताची पारख केली होती, ती हवा डोक्यात गेलीच होती. बारा महिने पूर्ण काम म्हणजे बंदच्या महिन्यांत भावाच्या मळ्यात वांगी तोडायला जाणं सुटलं असतं. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. गावच्या घरावर टिनाच्या जागी स्लॅब आला असता. हे सगळं खरं होतं. आणि तिजोरीतला पासपोर्टही खरा होता. तिकडे लाट बिघडली तर कोणाला हाक मारायची, आजारी पडलो तर कोणत्या भाषेत सांगायचं, घरी काही झालं तर किती दिवसांनी कळणार, हेच डोक्यात फिरत राही. सुरी लावताना दोनदा अंतर चुकलं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा जिन लावून झाला. कादरने फडक्याने हात पुसले आणि माझ्यासमोर उभा राहिला. फक्त हात पुढे केला. पट्टीसाठी.

पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी काढली. ती मला त्याच्या तळहातावर ठेवायची होती, एवढंच काम. माझी मूठ उघडेना. शेवटी म्हटलं, ‘‘उद्या देतो, मुहूर्ताच्या वेळी.’’ आणि पट्टी परत खिशात टाकली.

कादरचा चेहरा उतरला. तो ‘अच्छा’ म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला. ते पाहून मला स्वतःचीच शरम वाटली. मी त्याचीही जागा अडवून धरली होती आणि माझीही.

खामगावातल्या भाड्याच्या खोलीवर आलो तर सुमन करंज्यांचं सारण भाजत बसली होती. सुमन म्हणजे माझी बायको. या सगळ्या दिवसांत मी गाव विचारून काढलं होतं आणि तिला एकदाही सरळ विचारलं नव्हतं. सत्काराला ती बायांत मागे बसली होती. तिला कोणी हार घातला नाही की काही विचारलं नाही. वर्षभर एकटीने राहायचं होतं ते तिलाच.

मी पाटावर बसलो आणि म्हटलं, उद्या उत्तर द्यायचं आहे, तू सांग, मी काय करू?

तिने उलथणं थांबवलं नाही.

‘‘मी जा म्हणनार नाई आन् राहा बी म्हणनार नाई,’’ ती म्हणाली. ‘‘राहा म्हटलं तं तुमी जलमभर माह्याकडं बोट दाखवसान. जा म्हटलं तं तिकडं ताप आला तरी माह्याच नावानं ओरडसान.’’

मग तिनेच विचारलं, ‘‘तुमाले काय वाटते?’’

हे मला इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. म्हणून खरं ते बाहेर पडलं.

‘‘मले भेव वाटते.’’

‘‘मंग तेच म्हना ना,’’ सुमन म्हणाली. ‘‘लोकायले काऊन इचारत फिरता? कोनी नको जाऊ म्हणीन म्हणूनच ना?’’

तिने ते सहज म्हटलं आणि सारण ताटात काढलं. मला मात्र एकदम मोकळं वाटलं, आणि लाजही वाटली. इतक्या माणसांच्या दाराशी मी त्याचसाठी गेलो होतो. कोणीतरी नको जाऊ म्हणावं, म्हणजे न जाण्याचं माझ्यावर येणार नाही. ते कोणी म्हटलं नाही. सुमन तर मुद्दाम म्हणत नव्हती. आता जे म्हणायचं ते मलाच म्हणायला लागणार होतं.

पाडव्याच्या सकाळी अंघोळ करून मी देवापुढे ठेवलेला सत्काराचा नारळ उचलला आणि पिशवीत टाकला. सुमनने पाहिलं. विचारलं ते एवढंच, ‘‘डब्यात किती भाकरी देऊ?’’

‘‘डबल पाळीच्या दे,’’ मी म्हटलं. सीझनच्या पहिल्या दिवशी हेड फिटर रात्रीपर्यंत घरी येत नाही, हे तिला माहीत होतं. तिने भाकरी बांधल्या आणि तिच्या तोंडावर काय आलं ते मला दिसू नये म्हणून वळून चुलीकडे पाहत बसली.

फॅक्टरीत फाटकाला आंब्याची पानं लावली होती. पहिली गाडी आत येऊन उभी होती. मोहनभाई पांढऱ्या टोपीत शेठजींशेजारी बसले होते. कादर नव्या शर्टात पहिल्या जिनपाशी उभा होता आणि त्याच्या हातात शेठजींनी दिलेला नारळ होता. मला तिथपर्यंत चालत जाणं जड झालं. आफ्रिकेचं नाही म्हणणं सोपं होतं, आता मला कादरला सांगायचं होतं.

मी त्याला सरकीच्या ढिगामागे नेलं. सांगितलं की मी जात नाही. सांगितलं की तुझं नुकसान होतंय हे मला कळतंय, तू मला काय वाटेल ते बोल.

त्याने हातातला नारळ सरकीच्या ढिगावर ठेवला. मग म्हणाला, ‘‘तो फिर अफ्रीका कौन जा रहा है?’’

म्हटलं, कोणी नाही.

‘‘मैं जाऊं?’’

तू जाशील? मी विचारलं.

‘‘पहले दिन से जाना था,’’ कादर म्हणाला. ‘‘मेरे को पूछा किसने?’’

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मोहनभाईंनी हेड फिटरला विचारलं, गावाने हेड फिटरचा सत्कार केला, आणि मी सगळ्या जगाला विचारलं, पण रोज माझ्या शेजारी सुरी धरणाऱ्या माणसाला विचारलं नाही. तो मला पक्का है ना विचारायचा, तेव्हा मला वाटायचं त्याला माझी जागा हवी आहे. त्याला वाटायचं वसंतभाई नशीबवान आहे. मी त्याला पासपोर्टचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, लपवलं काही नाही. तो म्हणाला, इथे तरी नारळ फोडल्यावर मध्येच सोडून कुठे जाता येतं.

आम्ही दोघं तसेच शेठजींसमोर गेलो आणि माझ्याऐवजी कादर जाईल असं सांगितलं. मोहनभाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांना मी हवा होतो. ते म्हणाले, याचा हात मी पाहिला नाही. म्हटलं, आता पाहा. दुसऱ्या ओळीतला एक जिन मी मुद्दाम बिघडवला, सुऱ्या सोडवून ठेवल्या, आणि कादर बसला. त्याने स्वतःची पट्टी काढली. ती मी कधी पाहिली नव्हती. त्याने ती कधीपासून घासून ठेवली होती कोण जाणे. सुरी लावली, लाट फिरवली, कान लावला, उठला. मोहनभाईंनी कापूस घालायला लावला. सरकी खाली पडली ती त्यांनी मुठीत घेऊन एक एक पाहिली. फुटलेली नव्हती, आणि तिला रुईही नव्हती.

‘‘चलेगा,’’ मोहनभाई म्हणाले.

शेठजींनी एवढंच विचारलं, ‘‘आता नारळ फोडता का सीझन असाच जाऊ द्यायचा?’’

मी पिशवीतून सत्काराचा नारळ काढला आणि पहिल्या जिनसमोर फोडला. पट्टा चढवला. जिन सुरू झाला. त्या आवाजात मोहनभाईंचं ते समुद्राचं वाक्य कधी विसरलो ते कळलंसुद्धा नाही.

राहिली ती ट्रंक. ती मी कादरला दिली. त्याच्याकडे चांगली ट्रंक नव्हती आणि माझ्याकडे तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. नाव पुसून घे म्हटलं, तर तो म्हणाला, पुसताना आफ्रिकाही पुसली जाईल, राहू दे. तो बोटीने गेला तेव्हा ट्रंक तशीच गेली.

गावात मी बरेच दिवस तोंड दाखवलं नाही. पण गावचे शेतकरी कापूस घेऊन खामगावला यायचेच. गाडीवरून मला पाहायचे आणि विचारायचे, आफ्रिकेत बी असीच धूळ उडते का हो मिस्त्री? ऐकून घेत गेलो. शेवटी एकदा तात्या आले. मी म्हटलं, तात्या, गावाचा सत्कार वाया घालवला मी.

‘‘वाया कसा?’’ तात्या म्हणाले. ‘‘गावाची ट्रंक तं गेली ना आफ्रिकेले.’’

कादर करार संपवून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. त्याच्या घराला स्लॅब पडला. माझ्या घरावर टिन बरीच वर्षं राहिलं, आणि ते तापलं की मला म्वांझा आठवायचं, हे खोटं कशाला बोलू. कादर पहिल्यांदा परत आला तेव्हा ट्रंक घेऊनच मला भेटायला आला. बंदरावर, रेल्वेत, फॅक्टरीत, ज्याने त्याने ट्रंकेवरचं नाव वाचलं होतं आणि तेच त्याला चिकटलं होतं. तिकडचे कामगार त्याला वसंत मिस्त्रीच म्हणतात, तो सांगत होता.

आणि पिंपळगावात मला आजही आफ्रिकावाले म्हणतात. कुठे जायचं की नाही हा प्रश्न पडला तर माणसाने आधी घरात विचारावं, मग शेजारी काम करणाऱ्याला. एस. टी. स्टँडवर विचारायची गरज नाही.